टल्सा रिमोट: दहा हजार डॉलर देऊन शहराला माणसे मिळतात का?

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या शहरात येऊन किमान एक वर्ष राहणाऱ्याला १०,००० डॉलर देणारी ‘टल्सा रिमोट’ ही योजना नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली. अट अशी की येणारा ओक्लाहोमाबाहेर राहणारा असावा, त्याची पूर्णवेळ नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय राज्याबाहेरचा असावा आणि ते काम घरी बसून करता येण्याजोगे असावे. योजना सुरू झाली ती सरकारी तिजोरीतल्या पैशातून नव्हे. तेल आणि बँकिंग व्यवसायातून मोठे झालेले जॉर्ज कैसर यांची ‘जॉर्ज कैसर फॅमिली फाउंडेशन’ ही संस्था ते देते. जाहीर झाल्यावर पहिल्या शंभर जागांसाठी दहा हजारांहून अधिक अर्ज आले, आणि त्यानंतरच्या वर्षांत या योजनेतून तीन हजारांहून अधिक लोक टल्सात राहायला आले. स्थलांतराचा विचार करणारी व्यक्ती म्हणून मी ही योजना बारकाईने तपासली. तिच्यातून तिथे गेलेल्या एका परिचित कुटुंबाकडे राहून शहर पाहिले, आणि ती घेणाऱ्याला काय देते व शहराला काय देते या दोन्ही बाजूंनी तिचे परीक्षण इथे करत आहे.

आधी शहराविषयी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टल्सा स्वतःला ‘जगाची तेल-राजधानी’ म्हणवून घेत असे, आणि त्या काळच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आजही शहराच्या मध्यभागी उभ्या आहेत. १९२९ साली पूर्ण झालेले बॉस्टन अव्हेन्यू चर्च त्यांतले सर्वांत देखणे. पुढे १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले, कंपन्यांची मुख्यालये ह्यूस्टनकडे सरकली आणि शहराची वाढ मंदावली. २००० च्या जनगणनेत टल्साची लोकसंख्या ३ लाख ९३ हजार होती, २०१० मध्ये ती ३ लाख ९२ हजारांच्या जरा खाली आली. त्याच दहा वर्षांत देशाची लोकसंख्या जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढली होती. हा फरक समजून घेणे आवश्यक आहे, कारण ‘अडचणीतले शहर’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळी शहरे येतात. डेट्रॉइटमध्ये १९५० साली साडेअठरा लाख लोक राहत होते आणि २०२० साली ६ लाख ३९ हजार उरले. अशा शहरात रिकामी घरे, थकलेले कर आणि मोडकळीला आलेल्या सेवा यांचे ओझे इतके असते की काही हजार नवी माणसे आणून ते हलत नाही. टल्साचे दुखणे तसे नव्हते. घरे चांगली होती, रस्ते होते, विमानतळ होता, अर्कान्सास नदीच्या काठी सप्टेंबर २०१८ मध्ये खुले झालेले ‘गॅदरिंग प्लेस’ हे भव्य उद्यान होते. बाहेरच्या तरुणाच्या मनात मात्र या शहराचे नावच येत नव्हते. नेमक्या या अडचणीवर रोख रक्कम हा उपाय लागू पडतो, आणि माझ्या मते योजनेच्या यशाचे पहिले कारण तेच आहे.

आता रकमेकडे वळू, कारण जाहिरातीतला आकडा आणि हाती पडणारा आकडा यांत बरेच अंतर आहे. सुरुवातीला हे पैसे वर्षभरात हप्त्यांनी मिळत असत: काही रक्कम सामान हलवण्यासाठी, दरमहा ठरावीक रक्कम आणि उरलेली वर्षअखेरीस. पुढे टल्सात घर विकत घेणाऱ्याला ती एकरकमी मिळण्याची सोय झाली. हे अनुदान करपात्र उत्पन्न धरले जाते. संघीय प्राप्तिकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याने तो कर आणि ओक्लाहोमाचा राज्यकर वजा केला, तर दहा हजारांतले सात ते साडेसात हजार उरतात. दुसरीकडे, नोकरीसाठी घर हलवण्याच्या खर्चावर पूर्वी मिळणारी संघीय करवजावट २०१८ पासून सैन्यातील व्यक्ती वगळता जवळजवळ सर्वांसाठी बंद झाली आहे. म्हणजे मिळालेल्या पैशांवर कर भरायचा आणि ट्रकवाल्याला दिलेल्या पैशांची सूट मात्र मागता येत नाही. किनाऱ्यावरच्या एखाद्या शहरातून संसार हलवणाऱ्या चौकोनी कुटुंबाची ही रक्कम सामान पोहोचवणे, नव्या घराची अनामत आणि पहिल्या महिन्यांची खरेदी एवढ्यातच संपून जाते.

त्याहून मोठा प्रश्न आपण कुठून येतो हा आहे. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. डॅलसहून उत्तम पगाराची नोकरी घेऊन टल्साला येणाऱ्याला ओक्लाहोमाला दरवर्षी काही हजार डॉलर कर भरावा लागेल, आणि दोन-तीन वर्षांत अनुदान त्या करातच निघून जाईल. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्याचा हिशेब उलट आहे, कारण तिथल्या कराचा आणि भाड्याचा भार उतरल्यावर होणारी बचत दहा हजारांना सहज मागे टाकते. न्यूयॉर्कच्या कंपनीत काम करणाऱ्याने विशेष सावध राहावे. कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून काम करत असेल, तर न्यूयॉर्क त्या पगारावर आपला कर सोडत नाही, मग तो माणूस टल्सात राहो की आणखी कुठे. काही कंपन्या कर्मचाऱ्याच्या गावानुसार पगारही बदलतात. फेसबुकने २०२० मध्येच तसे जाहीर केले होते. पगार पाच टक्क्यांनी कमी झाला तरी लाखभर डॉलर कमावणाऱ्याचे वर्षाला पाच हजार जातात. त्यामुळे या योजनेत खरा लाभ अनुदानाचा नसून घराच्या किमतीतल्या फरकाचा आहे. महागड्या शहरात जन्मभर भाडेकरू राहिला असता, असा माणूस टल्सात स्वतःच्या अंगणात उभा राहू शकतो, आणि ज्यांच्याकडे मी राहिले त्यांनी शहर सोडायचे नाही असे ठरवले ते घर घेतल्यानंतर.

मग पैशाने नेमके काय साधते? अर्थशास्त्रात या प्रश्नाची एक कसोटी आहे: पैसे दिले नसते तर माणूस आला असता का? ही कसोटी कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या सवलतींना लावली की निकाल फार निराशाजनक येतो. रोजगारावर संशोधन करणाऱ्या अपजॉन इन्स्टिट्यूटचे टिमथी बार्टिक यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले आहे की, सवलती घेणाऱ्या कंपन्यांपैकी केवळ २ ते २५ टक्क्यांच्या बाबतीत सवलतीने निर्णय फिरतो. बाकीच्या कंपन्या तशाही आल्या असत्या किंवा आहेत तिथेच वाढल्या असत्या. टल्सा रिमोटच्या बाबतीत त्याच संस्थेच्या अभ्यासकांचा अंदाज पुष्कळ आशादायक आहे: आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ही योजना नसती तर टल्साला आले नसते. माझ्या मते याचे कारण उघड आहे. कारखाना काढणारी कंपनी कच्चा माल, महामार्ग, मजूर आणि बाजारपेठ पाहून जागा निवडते, सवलत तिच्या हिशेबातली एक किरकोळ नोंद असते. रिमोट नोकरी असलेल्या माणसाला मात्र पन्नास शहरे सारखीच असतात, आणि सारख्या पर्यायांत दहा हजार डॉलर भारी ठरतात.

अशा माणसाचा शहराला होणारा फायदाही वेगळ्या प्रकारचा आहे. तो स्थानिक माणसाची नोकरी घेत नाही. तो आपला पगार बाहेरून आणतो आणि शहरात खर्च करतो: घरभाडे, किराणा, दवाखाना, मुलांचे पाळणाघर, गाडीची दुरुस्ती. इकॉनॉमिक इनोव्हेशन ग्रुप या संस्थेने केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला गेला की, बाहेरून आलेल्या दर दोन माणसांमागे शहरात साधारण एक नवी नोकरी निर्माण होते. हा अंदाज थोडा सढळ धरला आणि प्रत्यक्षात तीन-चार माणसांमागे एक नोकरी मानली, तरी एका नोकरीमागचा खर्च कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या सवलतींच्या तुलनेत माफक आहे.

टल्साची रचना किती विचारपूर्वक केली आहे हे व्हरमाँटशी तुलना केल्यावर कळते. व्हरमाँट राज्याने २०१८ मध्ये कायदा करून २०१९ पासून रिमोट काम करणाऱ्यांना दोन वर्षांत मिळून १०,००० डॉलरपर्यंत खर्चभरपाई देऊ केली. रक्कम तीच, पण पद्धत अशी की आधी राज्यात राहायला यावे, मग खर्चाच्या पावत्या द्याव्यात, आणि पहिला येईल त्याला पहिले पैसे मिळतील. राज्याचे लेखापरीक्षक डग हॉफर यांनी यावर नेमके बोट ठेवले: ज्यांना पैसे मिळाले ते पैशांमुळेच आले, असे सिद्ध करता येत नाही. ज्याने घर हलवण्याचा निर्णय आधीच घेतला आहे त्याला पावती दाखवून पैसे देणे म्हणजे भेट देणे होय. ती कोणाला नको असते? टल्सात मात्र माणूस येण्याआधीच अर्ज तपासला जातो, मुलाखत होते, त्याला शहरात काय करायचे आहे हे विचारले जाते. अर्जदारांपैकी फार थोड्यांना होकार मिळतो. निवड झाली ही भावना आणि आपल्याला कोणीतरी बोलावले आहे ही जाणीव या दोन गोष्टी मनावर खोल परिणाम करतात, आणि पैशाच्या आकड्यात त्या कुठेही दिसत नाहीत.

योजनेचा सर्वांत मोलाचा भाग इथेच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. रिमोट काम करणाऱ्याला कार्यालय नसते, त्यामुळे नव्या गावात त्याला सहकारी मिळत नाहीत. मुले नसतील तर शाळेच्या दारात ओळखी होत नाहीत. दिवसभर खोलीत बसून दूरच्या लोकांशी पडद्यावर बोलायचे आणि संध्याकाळी ज्या गल्लीत कोणीही ओळखत नाही त्या गल्लीतून चालायचे, असे सहा महिने गेले की माणूस परतीचा विचार करू लागतो. टल्सा रिमोटने हे ओळखले आणि सुरुवातीपासून सामायिक कार्यालयात बसण्याची जागा, घर शोधायला मदत, नवागतांच्या भेटीगाठी आणि स्थानिक संस्थांत स्वयंसेवकाचे काम या गोष्टी योजनेतच गुंफल्या. मी ज्या सकाळी त्या सामायिक कार्यालयात गेले, तेव्हा लांब टेबलाच्या एका टोकाला दोघे आपापल्या कंपन्यांची कामे करत होते आणि दुसऱ्या टोकाला एक जण नव्याने आलेल्या बाईंना कागदावर नकाशा काढून दाखवत होता: कोणत्या भागात घर घ्यावे, कुठल्या रस्त्यावर पावसात पाणी साचते, मुलांचा डॉक्टर कोण चांगला. तो योजनेचा कर्मचारी नव्हता. आदल्या वर्षी आलेला सहभागी होता. अशी माणसे तयार होणे हे योजनेचे खरे उत्पादन आहे, आणि त्यासाठी पगारी माणसे नेमून वर्षानुवर्षे काम करावे लागते.

ज्या शहरांनी टल्साचे अनुकरण केले, त्यांतल्या अनेकांनी केवळ आकडा उचलला. कॅन्ससची राजधानी टोपेका हिने घर घेणाऱ्याला १५,००० डॉलरपर्यंत देऊ केले. तिथे स्थानिक कंपनीत नोकरी घेऊन येणाऱ्यांसाठी रकमेचा भार कंपनीवरही टाकला आहे, ही बाब चांगली आहे, कारण कंपनी आपल्या पैशाची काळजी घेते. वेस्ट व्हर्जिनियाची ‘असेंड’ योजना मला टल्साच्या सर्वांत जवळची वाटते. इन्ट्युइट कंपनीचे माजी प्रमुख ब्रॅड स्मिथ व त्यांच्या पत्नी यांच्या अडीच कोटी डॉलरच्या देणगीतून २०२१ मध्ये ती सुरू झाली. १२,००० डॉलरपैकी शेवटचे २,००० दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मिळतात आणि डोंगर-नद्यांतल्या साहसी खेळांची सोय मोफत असते. म्हणजे त्या राज्याने आपल्याकडे जे आहे तेच पुढे केले. जपानने २०१९ पासून टोकियोच्या २३ प्रभागांतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला १० लाख येनपर्यंत मदत देऊ केली, एप्रिल २०२३ मध्ये दर मुलामागची जादा रक्कम ३ लाखांवरून १० लाख येनपर्यंत वाढवली, तरी टोकियोकडचा ओघ थांबलेला नाही. शाळा, नोकऱ्या आणि नातेसंबंध ज्या दिशेने ओढतात तिच्या उलट दिशेने रोख रकमेने कुटुंबे खेचता येत नाहीत, हे त्यातून स्पष्ट दिसते.

आता माझा आक्षेप, आणि तो गंभीर आहे. योजना जाहीर झाली त्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, ओक्लाहोमातील शिक्षक पगारवाढीसाठी आणि शाळांच्या निधीसाठी संपावर गेले होते. टल्साच्या शिक्षकांचा एक गट राजधानी ओक्लाहोमा सिटीपर्यंतचे सुमारे ११० मैल अंतर पायी चालून गेला. चांगल्या पगारासाठी शेजारच्या टेक्सासमध्ये जाणारे शिक्षक त्या राज्याची जुनी चिंता आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एव्हिक्शन लॅबने २०१६ ची आकडेवारी मांडली, तेव्हा भाडेकरूंना घराबाहेर काढण्याच्या प्रमाणात टल्सा देशातल्या मोठ्या शहरांत अकराव्या क्रमांकावर होते. अशा शहरात बाहेरून येणाऱ्या, आधीच चांगले कमावणाऱ्या माणसाला दहा हजार डॉलर मिळतात, आणि तिथेच जन्मलेल्या शिक्षिकेला ती राहावी म्हणून त्या धर्तीवर काही मिळत नाही. योजनेला पैसे देणारी कैसर यांची संस्था लहान मुलांच्या शिक्षणावर फार मोठा खर्च करते हे खरे आहे, आणि तो खर्च मोजल्याशिवाय तिला स्वार्थी म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही नवागतांसाठी जितके सुटसुटीत, नाव-गाव-रक्कम असलेले आश्वासन आहे, तितके सुटसुटीत आश्वासन जुन्या रहिवाशांसाठी नाही. ओहायोतील हॅमिल्टन शहरातल्या एका स्थानिक संस्थेने पदवीधरांच्या शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांना मदत करण्याची योजना काढली. तिच्यात शिकायला बाहेर गेलेल्या आपल्याच मुलांना परत येण्यालाही वाव होता. टल्साने तो विचार जोडून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

उत्तर टल्सातील ग्रीनवुड भागातून चालताना हा आक्षेप अधिक टोचतो. कृष्णवर्णीयांच्या भरभराटीच्या या वस्तीवर ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी जमावाने हल्ला केला, रस्त्यांनी वेढलेले घरा-दुकानांचे सुमारे ३५ ब्लॉक जाळून टाकले, आणि एक हजाराहून अधिक घरे नष्ट झाली. आज तिथल्या पदपथात लहान धातूच्या पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर एका दुकानाचे किंवा व्यवसायाचे नाव आहे, ‘१९२१ मध्ये नष्ट’ अशी नोंद आहे, आणि त्याखाली पुन्हा सुरू झाले की नाही ते लिहिले आहे. पुन्हा सुरू झालेल्यांची संख्या पुष्कळ आहे. ती माणसे शहराकडून भरपाई न मिळता परत उभी राहिली होती, आणि पुढे त्यांच्या वस्तीच्या मधोमध उन्नत महामार्ग नेला गेला. नवागतांना या पट्ट्या दाखवल्या जाव्यात, आणि त्या पाहिल्यावर सुचलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारीही योजनेने घ्यावी.

यश मोजताना प्रमाणही ध्यानात ठेवायला हवे. २०२० च्या जनगणनेनुसार टल्सात ४ लाख १३ हजार लोक राहतात. तीन-चार हजार नवागत म्हणजे शंभरातला जेमतेम एक. त्यांच्यामुळे मध्यवस्तीतली काही दुकाने चालतात, काही नवे उद्योग निघतात, शहराच्या नावाची चर्चा होते. सरकारी शाळांचा निधी, आरोग्यसेवा किंवा उत्तर टल्साची उपेक्षा यांवर त्याने काही होत नाही. योजना खासगी पैशातून सुरू झाली, त्यामुळे हा प्रयोग सुरुवातीलाच फसला असता तरी करदात्याचे नुकसान नव्हते. सार्वजनिक पैशातून हेच करू पाहणाऱ्या शहराने आधी आपल्या शाळा आणि भाडेकरूंकडे पाहावे, आणि पैसे उरले तर माणसे बोलवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही योजना मी चांगली म्हणेन, विशेषतः महागड्या शहरात भाड्याने राहणाऱ्या, घर घेऊ इच्छिणाऱ्या आणि नव्या लोकांत मिसळायला तयार असलेल्या माणसासाठी. केवळ पैशांसाठी जाणाऱ्याने जाऊ नये. आपल्यापैकी जे एच-१बी व्हिसावर आहेत त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. कामाची जागा एका महानगर क्षेत्रातून दुसऱ्यात हलली, तर कंपनीला त्या जागेसाठी नवा श्रम-अर्ज करून व्हिसाची सुधारित याचिका आधी दाखल करावी लागते, आणि २०१५ च्या एका प्रशासकीय निर्णयापासून याबाबत संदिग्धता उरलेली नाही. घरून काम करत असलो तरी आपले घर हीच कामाची जागा ठरते. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतले श्रम-प्रमाणपत्रही कामाच्या भौगोलिक क्षेत्राशी बांधलेले असते, त्यामुळे वर्षानुवर्षे रांगेत असलेल्याने वकिलाला विचारल्याशिवाय घर हलवण्याचा विचारही करू नये. उरलेल्यांनी कंपनीकडून कायमस्वरूपी रिमोट कामाची आणि पगार न बदलण्याची हमी लेखी घ्यावी. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावत आहेत, आणि टल्सात घर घेतल्यावर असा हुकूम आला तर त्याच तोडीची नोकरी त्या शहरात मिळणे कठीण आहे. हमीचे पत्र हाती आले की मग एकदा वसंतात, टोर्नाडो वादळांच्या दिवसांत, आणि एकदा ऑगस्टच्या उन्हात तिथे राहून पाहावे. अर्ज त्यानंतर करावा.